फेसाचं औषध

माझे बाबा ड्रेसर होते. म्हणजे जखमा धुणारे, औषध लावणारे, पट्टी बांधणारे. सरकारी दवाखान्यात डॉक्टर येत आणि दोन-तीन वर्षांत बदली होऊन जात. बाबा मात्र चौतीस वर्षं त्याच खोलीत, त्याच लोखंडी स्टुलावर बसून होते. डॉक्टर चिठ्ठीवर ‘ड्रेसिंग’ एवढा एकच शब्द खरडायचे. कसं, कशाने, किती दिवस, ते सगळं बाबा ठरवायचे आणि त्यात कुणी नाक खुपसलेलं त्यांना खपत नसे.

त्यांच्याबद्दल जे चांगलं आहे ते आधी एका दमात सांगून टाकते. पुढे मला ते जमेल याची खात्री नाही.

त्यांचा हात हलका होता. लांबलांबून लोक ‘पिवळबोटे आहेत का’ असं विचारत यायचे. आयोडीनने त्यांचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं कायमची पिवळट तपकिरी झाली होती, कितीही साबण लावा, निघत नसत. आईसुद्धा चेष्टेने म्हणायची, “चहा टाक गं, पिवळबोटे आले.” डबा उघडलेला असला आणि दारात कुणी रक्ताळलेला हात धरून उभा राहिला, की ते झाकण लावून उठत. घाणेरड्या जखमेला नाक मुरडताना मी त्यांना कधी बघितलं नाही. सुकलेली पट्टी जखमेला चिकटून बसली असली की ते रोग्याला विचारत, “सासूचं नाव काय?” माणूस नाव आठवेपर्यंत पट्टी खसकन ओढून झालेली असे. एकदा एक वेल्डर म्हणाला, “काका, माझं लग्न व्हायचंय.” बाबा म्हणाले, “मग होणारीचं सांग,” आणि ओढली. सगळी खोली हसली. वेल्डरही हसला, डोळ्यांत पाणी आणून. मी शाळेतून परस्पर तिथे गेले होते, म्हणून मला माहीत.

मग टेबलावरची तपकिरी बाटली पुढे यायची. बाटलीवर हायड्रोजन पेरॉक्साइड असं लांबलचक नाव होतं, पण आमच्या घरात आणि त्या खोलीत ते फेसाचं औषध. ओतलं की जखमेत पांढरा फेस फसफसून वर यायचा. “बघा, घाण कशी बाहेर पडतेय,” असं बाबा सांगायचे आणि लोक मान वाकडी करून बघायचे. त्यानंतर आयोडीन. आणि शेवटी प्रश्न, “झोंबलं का?” हो म्हटलं की ते समाधानाने मान डोलवत. “झोंबलं म्हणजे लागू पडलं.” हे वाक्य मी कळायला लागल्यापासून ऐकत आलेय. मी शिवणकाम करते, महिन्यातून एकदा तरी सुई बोटात जातेच. प्रत्येक वेळी फेस, आयोडीन आणि हा प्रश्न.

ते निवृत्त झाले आणि तीन वर्षं त्यांनी आम्हा दोघींचं डोकं खाल्लं. माझ्या मशीनला तेल घाल, आईच्या गोळ्यांच्या डब्या पुन्हा पुन्हा लाव. हाताला काम नव्हतं. मग आईच्या पायात खिळा गेला.

ती दुपारी बाजारातून आली, चपला काढल्या आणि आत गेली. मी बघितलं तर फरशीवर तिच्या उजव्या पावलाचे लाल ठसे. चपलेचा खिळा तळातून वर येऊन अंगठ्याखाली रुतला होता आणि तिला पत्ताच नव्हता. साखरेच्या आजाराला बारा वर्षं झाली होती, तळव्यांतली जाणीव कधीच गेली होती. “अगं बाई, हे कधी झालं,” असं ती म्हणाली, शेजारणीच्या पायाबद्दल बोलावं तसं.

खरं सांगायचं तर बाबा खूश झाले. असं बोलू नये, पण झाले. ट्रंकेतून चिमटा, कात्री, घेवड्याच्या दाण्यासारखा वाकडा ट्रे, सगळं बाहेर निघालं. सकाळी सात आणि संध्याकाळी पाच, घड्याळ लावून घ्यावं असं काम. ते स्टुलावर बसत, मांडीवर रबरी कापड, त्यावर आईचा पाय. चारचौघांत त्यांनी आयुष्यात कधी तिचा हात धरला नव्हता. आता रोज दोनदा पाय मांडीवर घेऊन बसायचे आणि तिला ते आवडायचं, हे मला दिसत होतं.

“झोंबलं का?”

“नाही हो.”

बाबांच्या कपाळाला आठी पडायची. ते आणखी थोडं ओतायचे. “आता?”

“अहो, मला तिथे काही कळतच नाही, तर झोंबणार कसं?”

ते त्यांच्या डोक्याला कळत होतं. हाताला कळत नव्हतं. चौतीस वर्षं हाताने एकच खूण ओळखली होती आणि ती खूण इथे मिळत नव्हती, म्हणून ते ओतत राहिले.

दोन महिने गेले, तीन गेले, चार गेले. जखम मोठी होत नव्हती आणि भरतही नव्हती. तळाला पिवळट थर आणि कडा पांढऱ्या, फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारख्या. मी म्हटलं, मोठ्या हॉस्पिटलात दाखवू. बाबा म्हणाले, “तिथे कालची पट्टी परवा बदलतात. माझ्या हाताखालून हजारो पाय गेलेत.” मी पुन्हा म्हटलं. ते म्हणाले, “तू तुझे ब्लाऊज शिव.” मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले, कारण एका घरात किती दिवस फुगून बसणार.

पाचव्या महिन्यात थोरल्या काकांची तब्येत बिघडल्याचा निरोप आला आणि बाबांना पाच दिवस जावं लागलं. जाताना मला समोर बसवून सगळं तोंडपाठ करून घेतलं. फेसाचं औषध किती, आयोडीनमध्ये उकळलेलं पाणी किती, पट्टी कशी. मी मान हलवली. पहिल्याच संध्याकाळी मोरीत बाटली माझ्या हातातून सटकली आणि फुटली.

खाली औषधाचं दुकान होतं. दोन जिने उतरायचे होते. पण माझ्याकडे शाळेच्या गणवेशाचे चाळीस स्कर्ट पडले होते, दुसऱ्या दिवशी द्यायचे होते, आणि मी वैतागले होते. आईला म्हटलं, “उद्या आणते. आज मिठाच्या पाण्याने धुऊ?” पाणी उकळलं, गार केलं, त्यात जेमतेम छोटा चमचा मीठ. चिकटलेली पट्टी खसकन ओढायची माझी हिंमत नव्हती. ती भिजवून भिजवून सोडवली आणि वर ठेवलेलं कापडही ओलसरच ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुकानात जायचा कंटाळा केला. तिसऱ्या दिवसापासून आयोडीनचीही बाटली उघडली नाही. आई म्हणाली, “असू दे. मी काही चुगली करणार नाही.” आम्ही दोघी हसलो. मला ते हसू अजून आठवतं आणि आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पाचव्या दिवशी मी नवी बाटली आणली. तीही कशी, तर घरी येऊन अर्धी मोरीत ओतून दिली, वापरलेली दिसावी म्हणून. आयोडीनही थोडं ओतलं. एवढी अक्कल मला होती.

बाबा संध्याकाळी आले, हात धुतले आणि आधी पाय मांडीवर घेतला. पट्टी सोडली आणि खाली वाकले. जखमेचा तळ लाल झाला होता, बारीक बारीक दाणे, सोललेल्या डाळिंबासारखे. मला वाटलं, मी वाट लावली.

“आलं,” बाबा म्हणाले. “मांस आलं. अगं, जखम भरायला लागली.” त्यांनी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. “दोन्ही वेळा घालत होतीस?”

“हो.”

“आयोडीन?”

“हो.”

त्यांनी बाटली उजेडाकडे धरून बघितली. “पाच महिने घासतोय, आता फळ दिसतंय,” ते म्हणाले, आणि पिवळ्या बोटांनी माझ्या डोक्यावर थोपटलं. “माझीच लेक आहे शेवटी. हात माझा घेतलास.”

शाळेत पहिली आले तेव्हा ते असं बोलले नव्हते. मी पहिलं मशीन स्वतःच्या कमाईने घेतलं तेव्हा बोलले नव्हते. आता बोलले, आणि मी तोंड उघडलं नाही. आई खिडकीबाहेर बघत होती. तीही गप्प. तिला वाटलं, कशाला बिचारीला ओरडा खायला लावायचा. मला वाटलं, बरं होतंय ना, मग कशाने होतंय त्याची कशाला उठाठेव.

बाबांना मात्र हुरूप आला. औषध लागू पडलंय, आता ढिलाई करायची नाही. दोनदाचं तीनदा झालं. आयोडीनमध्ये पाणी घालणं बंद झालं. फेस विरला की पुन्हा फेस. आठवड्यात तो लाल रंग फिका झाला, दुसऱ्या आठवड्यात परत पांढरा थर आला. “मध्येच अडलंय,” बाबा म्हणाले आणि कापडाने घासायला लागले. मला तेव्हा कळलं. हो, कळलं. मी रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. मग ते स्टूल ओढायचे, आणि मला ते डोक्यावरचं थोपटणं आठवायचं. एकवीस दिवस मी असं ठरवत राहिले. बाविसाव्या दिवशी अंगठा काळा पडला होता, आईला थंडी वाजून ताप भरला होता आणि खोलीत वास होता.

हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी पाय बघितला, एका बारीक सळीने तळाला टोचून बघितलं, आणि विचारलं, “घरी काय लावत होता?”

बाबा खुर्चीत ताठ बसले. सगळं नीट सांगितलं, मापासकट. चौतीस वर्षं ड्रेसर होतो हेही सांगितलं.

“रोज तीनदा?”

“एकही खाडा नाही.”

त्या म्हणाल्या, “काका, हे औषध जंतू मारतं ते खरं आहे. पण त्याला जंतू आणि नवीन मांस यांतला फरक कळत नाही. दोन्ही मारतं. ताजी, मातीने भरलेली जखम असेल, पू असेल, तर एक-दोनदा ठीक. रोज रोज ओतत राहिलं तर जखम भरायचा प्रयत्न करते आणि आपण ते मारत बसतो.”

“माझ्या हाताखालून हजारो...”

“तेव्हा सगळीकडे असंच करायचे. तुमचं एकट्याचं नाही.” त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. “मला एक सांगा, या सहा महिन्यांत जखमेचा तळ कधी लाल झाला होता? डाळिंबासारखा?”

बाबा पटकन म्हणाले, “झाला होता. पाच दिवस. मी गावाला गेलो होतो तेव्हा.”

“त्या पाच दिवसांत काय लावलं होतं?”

“हेच. माझ्या मुलीने लावलं होतं. सांग गं.”

त्या माझ्याकडे बघत होत्या. बाबाही बघत होते, अजून थोड्या अभिमानाने. आई खाटेवर तापात कण्हत होती. तिचा पाय पणाला लागला होता, आता तरी खोटं बोलणं शक्य नव्हतं.

“मिठाचं पाणी,” मी म्हटलं. “बाटली फुटली होती. मी फक्त मिठाच्या पाण्याने धुवत होते.”

बाबांनी आधी ऐकूच आलं नाही असा चेहरा केला. मग त्यांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं आणि ते हात मांडीखाली घालून बसले, शाळेत मार खाल्लेलं पोर बसतं तसे.

आठ दिवस प्रयत्न झाले. सलाईन, इंजेक्शनं, मेलेलं मांस काढणं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की रक्तपुरवठा कमी आहे, जंतू हाडात शिरलेत, साखर भडकलेली आहे, सगळा दोष औषधाचा नाही. बाबांनी त्यांना कॉरिडॉरमध्ये गाठलं. “ते पाच दिवस तसेच पुढे चालू राहिले असते, तर?” त्या म्हणाल्या, “तसं सांगता येत नाही, काका.” त्या गेल्यावर बाबा मला म्हणाले, “डॉक्टर सांगता येत नाही म्हणतात तेव्हा काय म्हणायचं असतं ते मला माहीत आहे. मी त्यांच्या शेजारी आयुष्य काढलंय.” त्या सगळ्या दिवसांत ते माझ्याशी बोलले ते एवढंच. रागाने मला एक शब्दही बोलले नाहीत. शिव्या दिल्या असत्या तर जीव थोडा हलका झाला असता.

नवव्या दिवशी गुडघ्याच्या खाली पाय कापला. कागदावर बाबांनी सही केली. पेन धरलेली बोटं जरा फिकी दिसत होती, कारण आठ दिवस त्यांनी आयोडीनला हात लावला नव्हता.

ऑपरेशन चालू असताना ते बाकावर बसून पुटपुटत होते. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. जवळ सरकले तर ते रोगी मोजत होते. “तो वेल्डर. हात भाजलेला, तळहाताएवढी जखम. तीन महिने येत होता. तीन महिने कशाला लागावेत? ती इस्त्रीवाली. मनगट. तिची तर खूणही राहिली मोठी. तो सुतार...” मी म्हटलं, “बाबा, बरे झाले ना सगळे.” ते म्हणाले, “झाले. माझ्यामुळे का माझ्या हातून सुटले म्हणून, ते कोण सांगणार?” त्यांचा हात हातात घ्यावा असं वाटलं, पण त्यांनी दोन्ही हात परत मांडीखाली घातले होते.

आई शुद्धीवर आली, चादरीखालचा सपाट भाग तिने हाताने चाचपला आणि खूप रडली. मीही रडले. मग मी सगळं कबूल करून टाकलं, एकवीस दिवसांचं सुद्धा. ती म्हणाली, “मलाही माहीत होतं की. मीही गप्पच होते. ते किती खूश होते.” आणि थोड्या वेळाने, डोळे पुसत, “आता निदान एकाच चपलेचा खिळा बघावा लागेल.”

घरी आलो तेव्हा टाके निघाले होते, पण एका कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढी जागा उघडी राहिली होती. सिस्टरने निघताना बजावलं होतं, “रोज सलाईनने धुवायचं, बाकी काही नाही. आणि जपून, इथे त्यांना जाणीव चांगली आहे, दुखेल.” सलाईन म्हणजे मिठाचंच पाणी, फक्त बाटलीतलं. ते मी करायची. बाबा खोलीबाहेर जायचे. ट्रंक त्यांनी पलंगाखाली पार भिंतीला लावली होती. तपकिरी बाटली घरात नव्हती. ते जेवायचे, झोपायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे. दवाखान्याच्या ओळखीचा कुणी जखमी बोट घेऊन दारात आला तर आतूनच सांगायला लावायचे की घरात नाहीत.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या सकाळी मी सलाईनची बाटली घेतली तर आईने माझा हात धरला. “तू मशीनवर बस. अहो, आत या.”

बाबा दारात आले आणि तिथेच थांबले.

“मी नाही,” ते म्हणाले.

“मला तुमची सवय आहे. हिचे हात गार असतात.”

“मी तुझा पाय...”

“माहीत आहे मला काय केलंत ते. या.”

मग मोरीत जाऊन त्यांनी हात धुतले, कोपरापर्यंत, इतका वेळ की मला वाटलं आता येतच नाहीत. आले. स्टूल ओढलं, रबरी कापड मांडीवर घेतलं आणि त्यावर तिचा अर्धा पाय. पट्टीचं शेवटचं कापड कोपऱ्यात चिकटलं होतं. त्यांची बोटं सवयीने कडेला गेली.

“सासूचं नाव विचारू नका,” आई म्हणाली, “मला पाठ आहे.”

त्यांनी बोटं मागे घेतली. सलाईन थेंब थेंब सोडत राहिले, कापड आपसूक सुटेपर्यंत. खाली लाल दिसत होतं, त्या पाच दिवसांत होतं तसंच. त्यांनी कडेने पाणी सोडलं, मऊ कापडाने टिपलं, आणि तोंडातून शब्द निघून गेले, “झोंबलं का?”

माझं मशीन थांबलं. तिथे आईला सगळं कळत होतं, साधी चादर घासली तरी ती कळवळायची.

“नाही,” ती म्हणाली. “अजिबात नाही.”

बाबा त्या लाल कोपऱ्याकडे बघत राहिले. “एवढंच होतं,” ते म्हणाले, “एवढंच करायचं होतं,” आणि तिच्या उरलेल्या पायावर कपाळ टेकून रडायला लागले. मी त्यांना असं कधीच बघितलं नव्हतं. आईने एक हात त्यांच्या पाठीवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने ट्रेमधली पट्टी उचलून त्यांच्यापुढे धरली.

“आधी बांधा,” ती म्हणाली. “जखम उघडी राहिलीय.”